आजोबांच्या गोळ्यांची बेरीज कोण करणार?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

सत्तरीपलीकडचे माणूस दोन दिवसांत असंबद्ध बोलायला लागले, चादरीवरचे नसलेले धागे वेचायला लागले, भिंतीवर मुंग्या चढताहेत म्हणाले, की घरात पहिले वाक्य ऐकू येते ते ‘आता वय झालं’. मग मेंदूचा स्कॅन होतो, रक्तातले सोडियम बघतात, लघवी तपासतात. ते सगळे करायलाच हवे. पण फ्रीजवरचा गोळ्यांचा डबा मात्र शेवटी उघडला जातो, आणि पुष्कळदा उत्तर त्यातच पडलेले असते. ठाण्यात आणि नवी मुंबईत औषधांच्या काउंटरमागे उभे राहणारे आणि फार्मसी शिकवणारे आम्ही काही जण हे पत्र त्या डब्याविषयी लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, त्याला इलाज नाही.

आधी काही नावे. पोटात कळ आली की डायसायक्लोमिन. सर्दीला क्लोरफेनिरामिन. खाजेला हायड्रॉक्सिझिन. माळशेज किंवा कसारा घाटात उलटी होऊ नये म्हणून प्रोमेथाझिन. मधुमेहामुळे तळपाय जळतात, त्यासाठी रात्री अमिट्रिप्टिलिन. लघवीला घाई होते म्हणून ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडिन किंवा सोलिफेनासिन. हातपाय थरथरतात म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल. दुखणी सात, डॉक्टर चार-पाच, आणि प्रत्येकाची चिठ्ठी आपल्या जागी बरोबर. पण शरीराच्या दृष्टीने ही सगळी मंडळी एकाच घराण्यातली आहेत. ती ॲसिटिलकोलिनचे रिसेप्टर अडवतात. या गुणाला औषधशास्त्रात ‘ॲन्टिकोलिनर्जिक’ म्हणतात. क्लोरफेनिरामिन किंवा हायड्रॉक्सिझिनचे मुख्य काम हिस्टामिन अडवण्याचे, अमिट्रिप्टिलिनचे आणखी वेगळे. पण जाता जाता तीही याच दारात उभी राहतात.

ॲसिटिलकोलिन म्हणजे मज्जातंतूंच्या टोकातून सुटणारा निरोप. मज्जातंतू अवयवांना विजेने नव्हे तर रसायनाने हुकूम देतो, हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवले आणि १९३६ चे नोबेल हेन्री डेल यांच्यासोबत मिळवले. तो निरोप पोचला की लाळ सुटते, घाम येतो, आतडे सरकते, लघवीची पिशवी आकुंचते, डोळ्याची बाहुली बारीक होते, हृदय संथ होते आणि मेंदूत लक्ष व स्मरण जागे राहते. निरोप घेणारा रिसेप्टर दोन जातींचा. एक मस्करिनिक, लाल छत्रीच्या विषारी अळंबीत सापडलेल्या मस्करिन या द्रव्यावरून नाव पडलेला. दुसरा निकोटिनिक, तंबाखूतल्या निकोटिनवरून. वर सांगितलेली सगळी औषधे पहिल्या जातीवर चालतात.

अडवणे म्हणजे काय, हे ट्रान्स-हार्बरने ठाण्याहून वाशीला जाणाऱ्याला वेगळे समजवावे लागणार नाही. खिडकीच्या जागेवर कोणीतरी रुमाल टाकून ठेवलेला असतो. रुमाल बसत नाही, बोलत नाही, तिकीटही काढत नाही. पण त्याच्यामुळे खऱ्या प्रवाशाला जागा मिळत नाही. ही औषधे म्हणजे तो रुमाल. रिसेप्टरवर पडून राहतात, स्वतः काही घडवत नाहीत आणि ॲसिटिलकोलिनला बसू देत नाहीत. बहुतेक रुमाल काही तासांनी वाऱ्याने उडतात. आणि डब्यात गर्दी फार वाढली तर रुमाल बाजूला सारून माणूस बसतोच. ही दुसरी गोष्ट कीटकनाशकाच्या विषबाधेत जिवावर बेतते. तिच्याकडे पुढे येतो.

कोणता अवयव किती मात्रेला अडतो, याचा एक क्रम आहे आणि तो ठाऊक असला की निम्मे दुष्परिणाम आपोआप उलगडतात. याच घराण्यातल्या, धोतऱ्यातही सापडणाऱ्या ॲट्रोपिनचे उदाहरण घ्या. मोठ्या माणसात साधारण अर्ध्या मिलिग्रॅमला तोंड कोरडे पडते आणि घाम कमी होतो. १ मिलिग्रॅमला तहान लागते, नाडी वाढते. २ ला छातीत धडधड, बाहुल्या मोठ्या, जवळचे अंधुक. ५ च्या आसपास गिळायला आणि लघवीला त्रास, कातडी गरम आणि कोरडी. १० ला माणूस बरळतो, नसलेल्या वस्तू दिसतात, पुढे बेशुद्धी. म्हणजे लघवीची पिशवी सैल करायची तर लाळेची पायरी आधी ओलांडावी लागते. नवी औषधे थोडी अधिक नेमकी आहेत, पण ही पायरी कोणालाच पूर्ण चुकवता आलेली नाही. ‘लघवीची गोळी सुरू केल्यापासून भाकरीचा घास तोंडात फिरतो’ ही तक्रार म्हणजे औषध चालू झाल्याची पावती आहे. लाळ आटली की दात किडतात, कवळी हिरड्यांना घासते, जिभेला चिरा पडतात. रुग्ण मग दातांच्या डॉक्टरकडे जातो आणि लघवीच्या गोळीचा उल्लेख तिथे निघतच नाही.

आता डबा उघडू. समजा, वर्तकनगरातले ७६ वर्षांचे एक गृहस्थ. मधुमेह आहे. रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम, सकाळी सोलिफेनासिन ५ मिलिग्रॅम, महिन्यातून चार-पाचदा पोटासाठी डायसायक्लोमिन, आणि पाऊस सुरू झाल्यावर सर्दीची तयार गोळी, जिच्यात पॅरासिटामोलच्या सोबत २ मिलिग्रॅम क्लोरफेनिरामिन आहे. या औषधांना ० ते ३ गुण देण्याची एक पद्धत आहे. तिला ॲन्टिकोलिनर्जिक भाराची मोजपट्टी म्हणतात. वरच्या चारही औषधांना तिच्यात प्रत्येकी ३ गुण आहेत. एकूण ३ झाले तरी सावध व्हा, असे ती मोजपट्टी सांगते. सर्दीच्या आठवड्यात या गृहस्थांची बेरीज १२ होते. आणि चारपैकी एकही औषध ‘जास्त मात्रेत’ नाही.

मोजपट्टीत उणीव आहे, तीही सांगतो. ती मात्रा बघत नाही. १० मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिनला आणि ७५ ला सारखेच ३ गुण देते. अशा पट्ट्याही अनेक आहेत आणि त्यांचे एकमेकींशी पुरते जुळत नाही. तरी घरातल्या घरात ढोबळ अंदाजासाठी ती पुरते. म्हातारपणी मूत्रपिंड औषध सावकाश बाहेर टाकते, मेंदूतले ॲसिटिलकोलिन मुळातच कमी झालेले असते, आणि रक्त व मेंदू यांच्यामधला बांधही तेवढा घट्ट राहत नाही. म्हणून जी गोळी नातवाला फक्त झोप आणते तीच आजोबांना भ्रम देते. अशी औषधे वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश अधिक आढळतो, असे मोठ्या पाहण्यांत दिसले आहे. औषध हेच त्याचे कारण, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. काही वेळा स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या तक्रारींसाठीच ही औषधे दिली गेलेली असतात. तात्पुरत्या भ्रमाबद्दल मात्र शंका नाही. औषध थांबले की तो बहुधा काही दिवसांत ओसरतो.

खरी मौज, म्हणजे खरे दुर्दैव, पुढे आहे. वरच्या गृहस्थांचे पोट साफ होईना, म्हणून इसबगोल आले. इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घ्यायचे असते. पण लघवीच्या भीतीने हे दिवसभरात चार पेले पाणीही पीत नाहीत, त्यामुळे ते आतड्यात लगद्यासारखे बसते. विसरायला होते म्हणून डोनेपेझिल सुरू झाले. डोनेपेझिल ॲसिटिलकोलिन मोडणाऱ्या एन्झाइमला रोखून ते वाढवते. सोलिफेनासिन त्याच ॲसिटिलकोलिनची जागा अडवते. एकाने नळ सोडायचा, दुसऱ्याने तोटीला बोळा कोंबायचा, आणि दोघांचे बिल एकाच घरी. कधी साखळी उलटी चालते. डोनेपेझिलमुळेच लघवीची घाई वाढते, तिला नवे दुखणे समजून सोलिफेनासिन दिले जाते आणि त्याने विसराळूपणा आणखी वाढतो. अशा रुग्णाच्या डब्यात दुखण्याची औषधे कमी आणि औषधांची औषधे जास्त निघतात.

सर्दीच्या गोळीबद्दल थोडे अधिक, कारण ती कोणी औषधात धरतच नाही. प्रोस्टेट वाढलेल्या माणसात लघवीची पिशवी आधीच जोर लावून काम करत असते. क्लोरफेनिरामिन त्या पिशवीचा जोर काढून घेते. त्याच गोळीत बहुधा फिनाइलेफ्रिन असते, नाक मोकळे करण्यासाठी. ते पिशवीच्या तोंडाशी असलेला स्नायू आवळते. वरून जोर गेला आणि खालून दार घट्ट झाले. रात्री दोन गोळ्या आणि पहाटे बेंबीखाली दुखणारा ताणलेला गोळा, लघवीचा थेंब नाही. मग नळी घालण्याला पर्याय उरत नाही. प्रोस्टेटचा त्रास असलेल्याने सर्दीला मिठाच्या पाण्याचा नाकात फवारा आणि नुसते पॅरासिटामोल एवढ्यावर भागवावे. ॲलर्जीच असेल तर फेक्सोफेनाडिन किंवा लोराटाडिन डॉक्टरांना विचारून घ्यावे. ती मेंदूत फारशी जात नाहीत आणि हे रिसेप्टरही जवळजवळ अडवत नाहीत.

काचबिंदूविषयी लोकांत उलटसुलट समज आहे. काचबिंदूच्या प्रत्येक रुग्णाला ही औषधे वर्ज्य नाहीत. ज्यांच्या डोळ्यातला पाणी निचरणारा कोन मुळात अरुंद आहे, त्यांना धोका आहे. बाहुली पसरली की बुबुळाची कड त्या कोनात गोळा होते, निचरा बंद पडतो आणि काही तासांत डोळ्यातला दाब चढतो. लाल, दुखरा डोळा, दिव्याभोवती रंगीत कडे, डोके ठणकणे, उलटी. शेवटची दोन लक्षणे बघून पित्त समजून घरी थांबले तर दृष्टी जाऊ शकते. ज्यांच्या कोनावर लेसर करून झाले आहे, त्यांनी ते कागद जपून ठेवावेत आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला दाखवावेत.

घामाची गोष्ट आपल्या हवेत वेगळी मांडावी लागते. एप्रिल-मेमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये ठाण्याच्या दमटपणात घाम आलाच तरी सुकत नाही. ज्याला घाम येणेच औषधाने बंद झाले आहे, असा माणूस स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर दुपारभर बसला, तर अंग तापते आणि कातडी कोरडी राहते. थर्मामीटर १०३ दाखवते आणि घरचे तापाची गोळी देतात. तिचा इथे उपयोग नसतो. ओले फडके, पंखा आणि दवाखाना, हा क्रम.

लहान मुलांची बाजू दोन ठिकाणी नाजूक आहे. तान्ह्या बाळाचे पोट दुखते म्हणून मिळणारे काही थेंब नुसत्या सिमेथिकोनचे असतात, काहींत त्यासोबत डायसायक्लोमिन असते. बाटल्या सारख्या, नावेही मिळतीजुळती. ६ महिन्यांखालच्या बाळाला डायसायक्लोमिन द्यायचे नसते. श्वास अडणे, झटके, अंग लुळे पडणे असे प्रकार त्याने झालेले आहेत. दुकानात ‘गॅसचे थेंब द्या’ म्हणून मागू नका, आणि आमच्या मित्रांनो, मागितले तरी बाळाचे वय विचारल्याशिवाय देऊ नका.

दुसरे ठिकाण डोळ्यांचे. चष्म्याचा नंबर काढण्याआधी लहान मुलांच्या डोळ्यात कधी कधी १ टक्का ॲट्रोपिन घालतात. १ टक्का म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा धरला, तर एका थेंबात अर्धा मिलिग्रॅम. इंजेक्शनच्या ॲम्प्यूलमध्ये ०.६ मिलिग्रॅम असते, म्हणजे दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब टाकला की जवळजवळ पावणेदोन ॲम्प्यूल. डोळ्यातले औषध कोपऱ्यातल्या नळीवाटे नाकात आणि तिथून रक्तात जाते. म्हणून थेंब टाकल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटाने मिनिट-दोन मिनिटे दाबून धरायचा, आणि बाहेर ओघळलेले पुसून हात धुवायचे. मूल लालबुंद झाले, अंग तापले, चिडचिड किंवा बडबड सुरू झाली, तर पुढचा थेंब टाकू नका आणि डॉक्टरांना कळवा. मायनस नंबर वाढू नये म्हणून दिले जाणारे ॲट्रोपिन ०.०१ टक्क्यांचे, म्हणजे शंभरपट सौम्य असते. दोन्ही बाटल्या एकाच कपाटात ठेवू नयेत, हे सांगायला नको, तरी सांगितले.

मोठ्यांचा पडदा तपासताना घालतात ते बहुधा ट्रॉपिकामाइड. त्याचा परिणाम ४ ते ६ तास, काहींना त्याहून जास्त राहतो. घोडबंदर रोडवर दुपारच्या उन्हात पसरलेल्या बाहुल्यांनी स्कूटर चालवत घरी जाणारे लोक दिसतात. रिक्षा करा, गॉगल घाला, सोबत कोणीतरी न्या.

एवढे वाचून ही औषधेच वाईट, असा ग्रह होऊ नये. दम्याच्या आणि विशेषतः सिगारेटने किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसे खराब झालेल्यांच्या आयुष्यात टायोट्रोपियमने मोठा फरक केला आहे. १८ मायक्रोग्रॅम, दिवसातून एकदाच. ते श्वासनळीतल्या रिसेप्टरवरून इतक्या सावकाश उठते की २४ तास पुरते. इप्राट्रोपियम लवकर उठते, म्हणून दिवसातून तीन-चारदा लागते. ही दोन्ही ओढून घ्यायची असल्याने रक्तात थोडीच जातात आणि मेंदूत जवळजवळ नाहीत. चुका होतात त्या हाताळण्यात. ओढायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण थोडेथोडके नाहीत. गिळल्यावर तिचा छातीला उपयोग शून्य, म्हणून पाकिटावर मार्करने ‘गिळू नये’ असे लिहून द्यावे. नेब्युलायझरचा मास्क सैल असला की वाफ डोळ्यात जाते. एका बाजूची बाहुली मोठी दिसून घरच्यांना लकव्याची धास्ती बसते, आणि अरुंद कोनवाल्याला तर खरा धोका. अशांना मास्कऐवजी तोंडात धरायची नळी वापरावी.

मेंदूत न जाणे हा गुण रसायनाच्या घडणीतूनही आणता येतो. हायोसिन ब्युटिलब्रोमाइड आणि ग्लायकोपायरोलेट यांच्या रेणूवर कायमचा विद्युतभार असतो, त्यामुळे मेंदूभोवतीचा चरबीचा बांध त्यांना ओलांडता येत नाही. म्हाताऱ्या माणसाला पोटाच्या कळेसाठी काही द्यायचेच झाले, तर डायसायक्लोमिनपेक्षा ही बाजू बरी. तोंडाने घेतलेले हायोसिन ब्युटिलब्रोमाइड मात्र फारच थोडे शोषले जाते, हेही खरे. नावात ‘स्पास’ आले की आत काय आहे ते बारीक अक्षरात वाचा: डायसायक्लोमिन असेल, नाहीतर ड्रोटाव्हेरिन. ड्रोटाव्हेरिनचा मार्ग वेगळा आहे, ते ॲसिटिलकोलिनच्या वाटेला जात नाही. म्हणूनच या पत्रात ब्रँडची नावे घेतलेली नाहीत. पुढे ‘प्लस’ किंवा ‘डी’ लागले की आतला माल बदलतो.

शहापूर-मुरबाडकडून येणाऱ्या कीटकनाशकाच्या विषबाधेत हेच ॲट्रोपिन प्राण वाचवते. ऑर्गॅनोफॉस्फेट द्रव्ये ॲसिटिलकोलिन मोडणारे एन्झाइम बंद पाडतात. म्हणजे गाडी ठाण्याला लागली आहे, लोक चढताहेत, पण उतरायला कोणी तयार नाही. तोंडातून फेस, छातीत घरघर, बाहुल्या टाचणीएवढ्या, नाडी मंद. या गर्दीत एखादा रुमाल टिकत नाही, ढिगाने टाकावे लागतात. मोठ्या माणसाला पहिला डोस साधारण १.८ ते ३ मिलिग्रॅम, आणि छाती कोरडी होईपर्यंत दर ५ मिनिटांनी दुप्पट. ३, ६, १२ असा हिशेब धरला तर ०.६ च्या ॲम्प्यूल ५, १० आणि २० लागतात. दहा मिनिटांत ३५ ॲम्प्यूल फोडायच्या. त्यानंतर एकूण लागलेल्या मात्रेच्या १० ते २० टक्के दर तासाला सलाइनमधून. लहान रुग्णालयात दहा-बारा ॲम्प्यूलचा एक खोका ठेवून ‘साठा आहे’ असे रजिस्टरमध्ये लिहिलेले असते, त्याचा अर्थ या आकड्यांसमोर ठेवून बघावा. डोस पुरेसा झाला हे बाहुलीवरून ठरवायचे नसते. फुप्फुसात आवाज स्वच्छ, नाडी ८० च्या वर, रक्तदाब वरचा ८० च्या वर, काख कोरडी, हे बघायचे. त्याच्या पुढे गेले की रुग्ण हातपाय झाडतो, अंग तापते, आतड्याचा आवाज बंद होतो, मग थांबायचे. स्नायूंचा लुळेपणा ॲट्रोपिनने जात नाही, कारण तिथला रिसेप्टर दुसऱ्या जातीचा, निकोटिनिक आहे. श्वास थकला तर व्हेंटिलेटरच लागतो. घरच्यांनी करायचे एवढेच: भिजलेले कपडे काढा, हातात प्लास्टिकची पिशवी चढवून अंग साबणाने धुवा, उलटी करवू नका, औषधाची बाटली सोबत घ्या आणि १०८ ला फोन करा.

त्या दुसऱ्या जातीचे रिसेप्टर अडवणारी औषधे घरात नसतात, फक्त ऑपरेशन थिएटरात असतात. दक्षिण अमेरिकेतल्या बाणांवरच्या क्युरारे विषापासून हे घराणे सुरू झाले, आणि १९४२ मध्ये माँट्रियलमध्ये ते भुलीच्या वेळी पहिल्यांदा वापरले गेले. आज व्हेक्युरोनियम, ॲट्राक्युरियम, रोक्युरोनियम. स्नायू पूर्ण सैल होतात, शुद्ध मात्र त्यांनी जात नाही. तिच्यासाठी भूल वेगळी द्यावी लागते. शेवटी परिणाम उलटवायला ॲसिटिलकोलिन वाढवणारे निओस्टिग्मिन २.५ मिलिग्रॅम देतात, आणि त्याने नाडी पडू नये म्हणून सोबत ग्लायकोपायरोलेट ०.५. एकाच रसायनाच्या दोन दरवाजांवर एकाच वेळी उलटसुलट काम करण्याचे इतके नेटके उदाहरण दुसरे नसेल.

धोतरा विसरून चालणार नाही. पावसाळ्यात मोकळ्या प्लॉटवर, रेल्वेच्या कुंपणालगत तो उगवतो आणि श्रावणी सोमवारी देवळाबाहेर विकायला येतो. त्याच्या पानात, फुलात आणि सगळ्यात जास्त बियांत ॲट्रोपिन-हायोसिनच असते. कोवळी पाने पालेभाजीच्या जुडीत मिसळतात. बी मिरचीच्या बीसारखे दिसते. मिरचीचे पिवळट, गोल आणि तिखट, तर धोतऱ्याचे तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराचे आणि कडू. फळ चुरगळलेल्या हाताने डोळा चोळला तर एकाच डोळ्याची बाहुली दिवसभर पसरून बसते. पूजेनंतर मुलांचे हात साबणाने धुवा.

आता करायचे काय ते. घरात ६५ च्या वरचे कोणी असेल तर दर सहा महिन्यांनी सगळी औषधे एका पिशवीत भरा. नेहमीची, अधूनमधूनची, आयुर्वेदिक, डोळ्यांचे थेंब, शेजाऱ्याने दिलेली गोळीसुद्धा. ती पिशवी एकाच डॉक्टरपुढे किंवा ओळखीच्या फार्मसिस्टपुढे रिकामी करा. चिठ्ठ्या नेऊन उपयोग नाही, कारण चिठ्ठीवरचे आणि डब्यातले यांचा मेळ क्वचित बसतो. पत्राच्या सुरुवातीला दिलेल्या नावांतली दोन किंवा अधिक निघाली, तर ‘यातले एखादे कमी करता येईल का?’ असा थेट प्रश्न विचारा. लघवीच्या घाईसाठी आधी संध्याकाळनंतरचा चहा कमी करणे, घड्याळ लावून दर दोन तासांनी जाणे, ओटीपोटाचे व्यायाम हे सहा आठवडे करून बघता येते. औषध लागलेच तर मिराबेग्रॉन या घराण्याबाहेरचे आहे. त्यात रक्तदाब मात्र बघावा लागतो. सोलिफेनासिन चार आठवडे घेऊन फरक नसेल तर ते तसेच वर्षभर चालू ठेवण्यात अर्थ नाही. पुरुषांत ते सुरू करण्याआधी लघवी झाल्यावर पिशवीत किती उरते, हे सोनोग्राफीत बघून घ्यावे. खाजेसाठी हायड्रॉक्सिझिनच्या आधी खोबरेल तेल किंवा मॉइश्चरायझर, तेही आंघोळीनंतर तीन मिनिटांत, अंग ओलसर असताना.

आमच्या धंद्याकडेही बोट दाखवायला हवे. नौपाड्यापासून नेरुळपर्यंत काउंटरवर ‘काहीतरी चांगली सर्दीची द्या’ असे म्हटले की विचारपूस न करता स्ट्रिप कापून दिली जाते. समोरच्याचे केस पांढरे असतील तर दोनच प्रश्न पुरेत: लघवी अडते का, आणि डोळ्यात काचबिंदू आहे का. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. ज्येष्ठ नागरिक संघांनी आपल्या मासिक सभेत पिशवी तपासणीचा एक कार्यक्रम ठेवला, तर फार्मसीचे विद्यार्थी यादी करायला येऊ शकतील.

शेवटी एक सूचना, कारण हे पत्र वाचून कोणीतरी आजच डबा रिकामा करेल. अमिट्रिप्टिलिन आणि ट्रायहेक्सिफेनिडिल अनेक महिने घेतलेल्याने ती एकदम बंद करू नयेत. इतके दिवस अडलेले रिसेप्टर मोकळे झाले की उलटी, घाम, झोप उडणे, अस्वस्थता असा पलटवार होतो. मात्रा काही आठवड्यांत उतरवावी लागते आणि ती डॉक्टरांनीच उतरवायची. मानसोपचाराच्या औषधांसोबत दिलेले ट्रायहेक्सिफेनिडिल काढले तर मान-जबडा आखडू शकतो. सर्दीची, प्रवासाची आणि पोटाच्या कळेची अधूनमधून घेतली जाणारी गोळी मात्र आज रात्रीपासून थांबवायला हरकत नाही.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील काही फार्मसिस्ट आणि फार्मसीचे शिक्षक